तिरकी रेषा

उतारूंची गाडी उतारावर आडवी झाली त्याला चार दिवस झाले, तरी कारखान्यातली भट्टी थंडच होती. थोरला रोज सकाळी यायचा, भात्याच्या दांडीवर हात ठेवायचा आणि मग ऐरणीला टेकून बसून राहायचा. पलीकडे सुतारकामाच्या बाजूला धाकटा चार दिवस एकच फळी रंधत होता. तिची आता पट्टी व्हायची वेळ आली होती. दोघांमध्ये वीस पावलांचं अंतर, आणि चार दिवसांत त्यांनी एकमेकांना विचारलं ते एवढंच, की पाण्याची बादली कुठे आहे.

मोडलेलं चाक दोघांच्या मधोमध जमिनीवर पडलं होतं. बारा आऱ्यांपैकी दोन मधेच तुटून गेलेले, कडेचे लाकडी तुकडे एका बाजूने निखळलेले, आणि त्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव दबून अंड्यासारखी लांबट झालेली. या घरात बनलेल्या प्रत्येक चाकात धाव थोरल्याची आणि लाकूड धाकट्याचं. गिऱ्हाइकाला ते एकच चाक दिसायचं. घरात मात्र त्याचे दोन भाग होते, आणि आता प्रश्न होता की मोडला कोणता.

चौथ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर थोरल्यानेच सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. त्यांचे वडील, आबा, येऊन नेहमीच्या ओंडक्यावर बसले. धाकट्याची बायको हातातलं रंगाचं भांडं घेऊनच आली. लग्न होऊन ती या घरात आली, आबांच्या हाताखाली गाड्या रंगवायला शिकली, आणि तेव्हापासून सासर-माहेर दोन्हीकडे तिला रंगवालीच म्हणत. दाजींना भावांनी बाकड्यासकट उचलून आणलं. गाडी हाकणारे दाजी म्हणजे या घरचे जावई. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत फळ्यांत बांधलेला होता. त्यांची बायको, म्हणजे दोन भावांच्या मधली ताई, सकाळीच कुठेतरी गेली होती. कुठे ते तिने सांगितलं नव्हतं.

"उद्या गाडीचा मालक येणार," थोरला म्हणाला. "त्याला काय सांगायचं ते आज ठरवू. चार तोंडांनी चार गोष्टी जायला नकोत."

"त्यात ठरवायचं काय?" धाकटा म्हणाला. "जे झालं ते सांगायचं."

"काय झालं ते तुला माहीत आहे?"

"धाव प्रमाणाबाहेर आवळली की आरे ताणले जातात, एवढं मला माहीत आहे."

"म्हणजे माझ्यावर."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"घ्यायला उरलंय कोण? या घरात धाव काय मांजर चढवतं?" थोरल्याचा आवाज चढला नाही, जड झाला. "मी धावेचं माप तीनदा घेतो. आवळलेली धाव आरे वाकवते, असे कापून टाकत नाही. तुझा आरा बसवताना ढिला राहिला असेल."

"दादा, माझा आरा चाकाच्या मधल्या तुंब्यात बसला की तो काढायला तुंबा फोडावा लागतो."

"तुम्ही भांडा, माझी काही हरकत नाही," दाजी बाकड्यावरून म्हणाले. "फक्त जरा हळू. हाड जुळतंय, ते दचकायला नको."

कुणी हसलं नाही. एरवी दाजींच्या बोलण्याला या घरात हमखास हसू फुटायचं.

थोरला उठला, दाराशी जाऊन परत आला. त्याला भांडण नको होतं. आबांनंतर हे सगळं आपल्याला ओढायचं आहे आणि भावाशिवाय ते ओढलं जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं वाक्य त्याने बरंच घोळवून मग उच्चारलं.

"त्या उतारावर खाचखळगे आहेत. आणि एक उतारू म्हणत होता, की गाडी जरा वेगात होती."

मग धाकट्याने फळीवरचा भुसा फुंकला आणि मान वर न करता म्हणाला, "वेग असला, तर चाकावर जोर येतोच."

चार दिवसांत भावांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

दाजींनी छताकडे पाहिलं. उतार सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ब्रेक ओढला होता. इतकी वर्षं त्या रस्त्यावर ते तसंच करत आले होते. चाक गेलं तेव्हा गाडी दरीच्या बाजूला कलली. त्यांनी खाली उडी टाकली आणि पुढच्या घोड्याच्या लगामाला अक्षरशः लोंबकळले, म्हणून गाडी रस्त्यावरच आडवी झाली आणि आतले सहाजण खरचटण्यावर निभावले. हे सगळं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर बायकोचे भाऊ होते, आणि ज्यांच्या घरात चार दिवस आपलं अंथरूण आहे त्यांच्याशी वाद घालणं त्यांना जमलं नाही.

"सांगा तसं," ते म्हणाले. "पाय मोडलाच आहे. नावही मोडलं तर दोन्ही एकदमच जुळवून घेईन."

"काय सांगा?"

ताई दारात उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातांवर काट्यांचे ओरखडे, खांद्यावर जाडसर पिशवी. ती किती वेळ तिथे होती कोण जाणे.

"गाडी वेगात होती असं सांगायचं?" तिने दादाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "चार दिवसांनी दोघं भाऊ एक झालात, तेही माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन. छान झालं. मी उगाच सकाळपासून झुडपात फिरले."

"ताई, तसं नाही," धाकटा म्हणाला.

"मग कसं ते हे सांगेल." तिने पिशवी जमिनीवर उलटी केली. तुटलेल्या दोन आऱ्यांचे तुकडे खडखडत बाहेर पडले. "उताराच्या खाली, ओढ्याच्या कडेला होते. चाक सगळ्यांनी उचलून आणलं. हे आणायला कुणी गेलं नाही."

दोघे भाऊ एकदमच वाकले. थोरल्याने एक तुकडा उचलला, धाकट्याने दुसरा. चांगलं लाकूड मोडतं तेव्हा झगडून मोडतं. त्याचे लांब लांब धागे सुटतात, टोकाची केरसुणी होते. हे तुकडे बोरूच्या टोकासारखे तिरके आणि गुळगुळीत तुटले होते. थोरल्याने खिशातला चाकू काढून लाल रंग खरवडला. आत लाकडाची रेषा दिसली. आऱ्याची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायला हवी. ही मधूनच कडेला निघून गेली होती.

थोरल्याने तो तुकडा भावापुढे धरला. त्याला बोलावं लागलं नाही.

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो हळूच म्हणाला, "माझं चुकलं. निवड माझी चुकली. दाजी, मला माफ करा."

रंगवालीने हातातलं भांडं खाली ठेवलं. चार दिवस ती याच क्षणाला भीत होती, आणि तो आला तो असा, नवऱ्याच्या तोंडून. त्याने ते आरे निवडले नव्हते. त्या हिवाळ्यात तो गाड्यांचे साटे, म्हणजे वरचे सांगाडे, बांधण्यात गुंतला होता. आरे फोडले, तासले, निवडले ते आबांनी. हे त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. बापावर येऊ नये म्हणून तो आपल्यावर घेत होता, आणि बाप ओंडक्यावर मान खाली घालून तळहात चोळत बसला होता.

तिला तो दिवस आठवला. आबांनी आऱ्यांचा भारा तिच्यापुढे आणून ठेवला. एरवी चाक पुरं जुळल्यावर रंग चढायचा. त्या दिवशी आबा म्हणाले, यंदा हवा दमट आहे, आधीच अस्तराचा हात मारून दे, मग धाकट्याकडे जातील. तिने एक आरा उचलला, त्याची रेषा तिरकी दिसली, म्हणून तिने तो आबांना दाखवला. त्यांनी तो खिडकीकडे धरला. पण धरला तो उलटा, रेषा दिसते ती बाजू पलीकडे करून, आणि म्हणाले, सरळ तर आहे, लाव रंग. तेव्हाच तिला कळलं होतं. मग तिने दुसऱ्या आऱ्यांकडे पाहिलंच नाही. अस्तराचा करडा हात मारत गेली, एकामागून एक.

"यांनी निवडले नाहीत," ती म्हणाली.

"तू मधे पडू नकोस," धाकटा म्हणाला.

"मधे पडायला हवं होतं नऊ महिन्यांपूर्वी. मी रेषा पाहिली होती. पाहून रंग लावला." तिने दाजींकडे पाहिलं, मग तिला पाहवेना. "दाजी, तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. वेगामुळे नाही."

"अगं, पण रेषा पाहिलीस तर बोलली का नाहीस?" ताईने विचारलं. तिचा राग अजून उतरला नव्हता, पण आता तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

रंगवालीने आबांकडे पाहिलं. जे सांगायचं ते सांगण्याचा हक्क तिचा नव्हता.

"ती बोलली होती," आबा म्हणाले. "माझ्याशी."

सगळे वळले. आबा उठून उभे राहिले होते. एक हात मागे भिंतीवर होता.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं होत आली. उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे, डाव्याने माणूस ओळखतो, तोही चालण्यावरून. आरे मी हाताने निवडले. मला वाटलं, इतकी वर्षं हाताला रेषा कळत आली आहे. पण रेषा डोळ्यालाच कळत होती. हात नुसता बरोबर असायचा."

"आबा," थोरला म्हणाला, "अहो, सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला घरी बसवलं असतं. चांगल्या मनाने बसवलं असतं, ऊन-ऊन दूध दिलं असतं. त्याचीच भीती वाटली." त्यांनी तोंड धाकट्याच्या दिशेने वळवलं. "अस्तर आधी लावायला मी सांगितलं ते दमट हवेमुळे नाही. या धाकट्याचे डोळे चांगले आहेत. उघडं लाकूड त्याच्या हातात गेलं असतं, तर त्याने ओळखलं असतं. ओळखू नये म्हणून रंग लावून घेतला. पोरीला त्यात ओढलं. जावईबापू, हे माझं काम आहे. शिक्षा काय द्यायची ती तुम्ही द्या."

सासऱ्याने दाजींना आजवर 'जावईबापू' म्हटलं होतं ते मानाने. आज त्यात विनवणी होती.

"आबा, मी गाडी हाकणारा माणूस," ते शेवटी म्हणाले. "मला एकच विचारायचं आहे. असे आरे आणखी कोणत्या चाकांत गेले?"

तो प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. चार दिवस सगळे मागेच बघत होते.

धाकट्याने बोटं मोजली. त्या भाऱ्यातून तीन गाड्या झाल्या होत्या. एक ही. दुसरी सुईणबाईंची लहान गाडी. तिसरी शाळेची, लांबच्या वस्त्यांवरच्या मुलांना ने-आण करणारी.

"शाळा चारला सुटते," ताई म्हणाली.

"थांबा जरा," थोरला म्हणाला. "विचार करा. गावभर जाऊन सांगायचं, की आमची चाकं खोटी आहेत? परत कोण पाऊल टाकेल इथे? दोन्ही गाड्या दुरुस्तीच्या नावाखाली बोलावून घेऊ. आठवडाभरात, शांतपणे."

"आणि आज चार वाजता?"

"नऊ महिने चालल्या आहेत, ताई."

"ही पण नऊ महिने चालली होती."

थोरल्याने भावाकडे पाहिलं. धाकट्याने नजर चुकवली नाही. "दादा, त्या गाडीत चौदा मुलं बसतात," तो म्हणाला. "मघाशी मी तुझ्या बाजूने बोललो, त्याची मला लाज वाटते आहे. पुन्हा नको."

थोरला एकटा पडला होता. त्याने हातातला तुकडा ऐरणीवर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेला. दार त्याने आपटलं नाही, पण ते उघडंच राहिलं.

"जाऊ दे त्याला," आबा म्हणाले. "ताई, मला तुझा हात दे. शाळेत मी येतो."

धाकटा आणि रंगवाली हत्यारं घेऊन बरोबर निघाले. शाळेच्या आवारात गाडी उभी होती, घोडे अजून जुंपलेले नव्हते. आबांना ती लाल आणि मोठी एवढीच दिसली. शाळेच्या मुख्य बाई बाहेर आल्या. त्यांच्या चपला ठाम वाजत होत्या. ताई बोलायला लागली, तसा आबांनी तिचा हात दाबला.

"बाई, ही गाडी आम्ही केली," ते म्हणाले. "हिच्या चाकांतले काही आरे वाईट आहेत. माझी दृष्टी गेली होती, मी ते लपवलं आणि हाताला येतील ते आरे वापरले. आज हिच्यात मुलांना बसवू नका."

बाई काही बोलल्या नाहीत. ते थांबणं आबांना फार लांब वाटलं. माणसाचा चेहरा दिसत नसला, की त्याचं गप्प बसणं दुप्पट होतं.

"कोणते आरे?" बाईंनी विचारलं.

"ते आता बघतो."

धाकट्याने एकेक चाक जमिनीपासून उचलून लाकडी घोडीवर टेकवलं. आबा खाली बसले आणि लहान हातोडीने प्रत्येक आऱ्यावर मधोमध टोला देत गेले. टण्ण. टण्ण. टण्ण. सातव्यावर आवाज बसका आला, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. "हा," ते म्हणाले. रंगवालीने तिथला रंग पात्याने खरवडला, वाकून बघितलं.

"तिरकी आहे, आबा. मुळाशी बारीक तडाही गेला आहे."

तिने खडूने खूण केली. पुढच्या एका आऱ्यावर आबा थांबलेच नाहीत, पण तिनेच त्यांचं मनगट धरलं. "थांबा. इथे रंगाला केसाएवढी चीर आहे." खरवडल्यावर रेषा तिथेही कडेला निघालेली होती. आवाजाला अजून कळलं नव्हतं, डोळ्याला कळलं. असं करत चारी चाकं झाली. एकूण अठ्ठेचाळीस आरे, धाकट्याने मोजून सांगितले, त्यांत पाच वाईट. तीन आबांना ऐकू आले, दोन रंगवालीला दिसले.

आबांना गंमत वाटली ती एका गोष्टीची. दोन वर्षं ते एकटे धुक्यात चाचपडत होते, आणि शेजारी बसलेल्या पोरीला विचारायला एक वाक्य लागलं असतं.

"बाई, मुलं घरी कशी जातील?" ताईने विचारलं.

"जवळची चालत जातील. लांबच्यांसाठी मी पलीकडच्या दुकानाची गाडी मागते," बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "नवीन आरे कोण निवडणार?"

"हे दोघं," आबा म्हणाले, म्हणजे धाकटा आणि रंगवाली. "उघड्या लाकडावर. मी हात लावणार नाही."

"वाजवून बघायला मात्र तुम्हीच या," बाई म्हणाल्या. "गाडी परत येईल तेव्हा माझ्यासमोर वाजवा. मग मी स्वतः पहिली बसेन."

आबांनी मान हलवली.

तेवढ्यात रस्त्यावरून लोखंडाचा घरघर आवाज आला. एकटी धाव दगडांवरून फिरतेय असा, गाडीचा नाही. त्याच्यामागे एका बाईचं सलग बोलणं.

"...आणि मला वाटेत बाळंतपणाचं बोलावणं आलं, तर मी काय चाकावर बसून जाऊ?"

"मी माझी हातगाडी दारात लावून ठेवतो, सुईणबाई. कधीही हाक मारा, मी ओढीन."

"तू ओढशील? बघू हं. अवघडलेल्या बायकांपेक्षा तुझाच दम आधी जाईल."

ताई हसू लागली. "आबा, दादा येतोय," ती म्हणाली. "सुईणबाईंच्या गाडीचं चाक हाताने ढकलत आणतोय. अंगरख्याचं पार वाटोळं झालंय. त्या मागून चालताहेत."

"मोठं की लहान?"

"मागचं मोठं. बाकीची गाडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवली असणार त्याने. मागच्या दाराने निघाला तो सरळ तिकडेच गेला."

आवाज जवळ आला आणि थांबला. चाक मातीत टेकल्याचं आबांना जाणवलं. थोरल्याचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता, आणि त्याला घामाचा, लोखंडाचा ओळखीचा वास होता. धाकट्याने पुढे होऊन चाकाची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते उचलून घोडीवर ठेवलं, आबांच्या गुडघ्यांसमोर, हात पोचेल इतक्या उंचीवर.

थोरला त्यांच्याशेजारी उकिडवा बसला.

"आबा," तो म्हणाला, "हे वाजवा. मला पण शिकवा, काय ऐकायचं ते."

आबांनी हातोडी त्याच्या हातात दिली, आणि त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला.